टाकीतल्या समुद्रालाही रात्र हवी

खानदेशात समुद्र नाही. देवपूरपासून मुंबईचा किनारा तीनशे किलोमीटरच्या वर. तरी तो मोबाईलमधून रोज रूमवर येतो. निळ्याशार उजेडात चमकणारं प्रवाळ, मध्ये फिरणारा क्लाउनफिश, मागे शांत म्युझिक. रात्री बारा वाजता असं रील बघितलं की वाटतंच, काय भो, अशी टाकी आपल्याकडेही पाहिजे! हौस चांगलीच आहे, पण त्या निळ्या एलईडीबद्दल थोडं बोलायला हवं.

प्रवाळ दगड नाही आणि झाडही नाही, तो प्राणी आहे. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. दिवसा ते उजेडावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाला पोसतं. अंधार पडला की अनेक जातींचं प्रवाळ आपले बारीक हात बाहेर काढून पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतं. म्हणजे टाकीतली खरी धमाल दिवे गेल्यावर सुरू होते. ती बघायची तर थोडा उजेड लागणारच. प्रश्न एवढाच, की किती?

पौर्णिमेचं चांदणं भरतं जेमतेम पाव लक्स. आपल्या अभ्यासाच्या टेबलावर तीनशे ते पाचशे लक्स उजेड असतो, हजारपटीहून जास्त! त्यामुळे पाकिटावर 'मूनलाइट' छापलं म्हणून दिवा चंद्र होत नाही. शिवाय चंद्र वाढतो, घटतो आणि अमावास्येला चक्क सुट्टी घेतो.

हा फरक प्रवाळाला कळतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वर्षातल्या ठरावीक पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत असंख्य प्रवाळ एकदम प्रजनन करतं. लंडनच्या हॉर्निमन म्युझियममधल्या संशोधकांनी पाण्याचं तापमान, दिवसाची लांबी आणि चंद्राच्या कला यांची टाकीत नक्कल केली आणि २०१३ मध्ये तिथेही हे घडवून आणलं. मंद एलईडी नीट वापरला तर एवढं करतो. रात्रभर भगभगीत ठेवला, तर तोच दिवा प्रवाळाचं कॅलेंडर बिघडवतो.

म्हणून आमचं मत सरळ आहे. टाकी रात्री जरूर बघा, पण पाहुण्यासारखी. दिवा अगदी मंद असावा, अर्धा-पाऊण तास पुरे, मग पूर्ण अंधार. पाण्यात लाल प्रकाश सगळ्यात आधी विरतो आणि बऱ्याच समुद्री जिवांना तो कमी जाणवतो, म्हणून जाणकार लाल टॉर्च वापरतात. फोटोसाठी मोबाईलचा फ्लॅश मात्र नकोच.

दुसरी गोष्ट कायद्याची. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. समुद्रातून काढलेलं प्रवाळ विकणं किंवा घरात ठेवणं हा गुन्हा आहे, भले कुणी 'कुरिअरने पाठवतो' म्हणो. प्रवाळ आपल्या महाराष्ट्रातही आहे: मालवणच्या समुद्रात, विजयदुर्गच्या पश्चिमेला आंग्रिया बँकेवर, इतकंच काय, मुंबईत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरही. कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० मध्ये तिथल्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. एवढी धडपड करून जे वाचवतात, ते आपल्या रूमवर शोभेला आणायचं?

मग देवपूरच्या पोरापोरींनी काय करायचं? गोड्या पाण्याची छोटी टाकी ठेवा. गप्पी, मॉली, दोन-चार पाणवनस्पती. नियम तोच: दिवसा आठ-दहा तास उजेड, रात्री थोडा वेळ मंद दिवा, मग बटण बंद. माशाला पापण्या नसतात, डोळे मिटून घ्यायची सोय त्याला नाही. त्याची रात्र आपल्याच हातात आहे.

आणि हो, झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन माशाच्या शरीरातही तयार होतं आणि आपल्याही. निळा उजेड ते दाबतो. टाकीचं बटण बंद कराल, तेव्हा उशाशी चमकणारा मोबाईलही ठेवून द्या. सकाळचं पहिलं लेक्चर आहेच!