वेगाचा लाभ कोणाला, जोखीम कोणाची?

महाविद्यालयाच्या कार्यालयातील ज्या संगणकावर शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात, त्याच संगणकावर विद्यार्थ्यांचे बँकखाते क्रमांक असतात, गुणपत्रिका असतात, आणि फावल्या वेळी कोणीतरी क्रिकेटचा धावफलकही पाहतो. यात लिपिकाला दोष देण्याचे कारण नाही. दोष द्यायचाच, तर ब्राउझर घडविणाऱ्यांनी वेगाचे जे स्तोम माजविले आहे त्याला द्यावा लागेल.

संकेतस्थळ उघडले की त्यासोबत जावास्क्रिप्ट भाषेतील आज्ञावली आपल्या संगणकावर येते. ती एकेक आज्ञा समजून घेत चालविणे अधिक सुरक्षित, परंतु संथ. २००८ साली गूगलने क्रोम आणला, वेगाची चढाओढ तीव्र झाली, आणि वारंवार लागणाऱ्या आज्ञा चालू कामातच यंत्रभाषेत उतरविण्याची ‘जस्ट-इन-टाइम’ पद्धत सर्वत्र रूढ झाली. ही पद्धत अंदाजावर चालते. शंभर पावत्यांवर रुपयांचे आकडे पाहिलेल्या हिशेबनिसाने एकशेएकावीही रुपयांचीच असणार असे धरून चालावे, तसा हा प्रकार. अंदाज पडताळण्याची सोय असते. पण वेगापायी एखादी पडताळणी अनावश्यक समजून गाळली आणि तो समज चुकीचा निघाला, तर कपटाने रचलेली आज्ञावली स्मृतीच्या नको त्या कप्प्यात हात घालू शकते. शिवाय ही पद्धत चालू असताना संरक्षणाचे काही उपाय मुळात लागूच करता येत नाहीत.

मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरच्या सुरक्षा-संशोधकांनी २०२१ मध्ये याचा हिशेब मांडला. क्रोम व एज या दोहोंत असलेल्या व्ही-८ यंत्रणेत २०१९ नंतर नोंदल्या गेलेल्या सुरक्षादोषांपैकी सुमारे ४५ टक्के या पद्धतीशी निगडित होते. ती बंद करताच एका वेगचाचणीतील गुण ५८ टक्क्यांपर्यंत घसरले. रोजच्या वापरात मात्र फरक क्वचितच कोणाला जाणवला! चाचणीतील गुणांवर ब्राउझरची कीर्ती वाढते आणि त्या गुणांसाठी पत्करलेली जोखीम, ज्याने ती कधी मागितलीच नाही, अशा लिपिकाच्या माथी येते. अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही अशा व्यवहाराची उदाहरणे बहुधा कारखान्याच्या धुरावरून देतो.

जुन्या, स्वस्त मोबाइलवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा वेग खरोखर लागतो, हे मान्य केले पाहिजे. नकाशे, खेळ, मोठी हिशेबपत्रके यांनाही तो लागतो. आणि ही पद्धत बंद केल्याने सगळेच दोष संपतात असेही नाही. म्हणून सरसकट बंदी कोणी मागू नये. परंतु ॲपलने २०२२ मध्ये आयफोनला दिलेल्या ‘लॉकडाउन मोड’मध्ये ही पद्धत बंद ठेवली, ती विशेष लक्ष्य होऊ शकणाऱ्या मोजक्या व्यक्तींसाठी. सामान्य कार्यालयाने तेवढे कडक कुलूप लावण्याची गरज नाही. एजमध्ये परिचित संकेतस्थळांना वेग देऊन अपरिचितांना तो नाकारण्याची सोय आहे, क्रोममध्येही संकेतस्थळागणिक परवानगी ठरविता येते. या सोयी सेटिंगच्या तळघरात ठेवून वापरणाऱ्याने त्या शोधाव्यात, ही अपेक्षा उलटी आहे. अपरिचित स्थळाला आरंभीच नकार असावा. आणि तोवर, आपल्या कार्यालयाचे संगणक ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांनी अर्जांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ही एक कळ फिरवून घ्यावी.