अबोल बटण

नाशिकच्या रविवार कारंजा परिसरातील एखाद्या घाऊक पेढीची कल्पना करावी. दिवाळीला वहीपूजन आजही श्रद्धेने होते. रोजचे जमा-नावे मात्र केव्हाच संगणकावर गेले. बाजारात मिळणारी तयार हिशेब-प्रणाली मालकांच्या पसंतीस उतरली नाही, म्हणून त्यांनी ओळखीतल्या एका तरुणाकडून पेढीपुरती स्वतंत्र प्रणाली करवून घेतली. तरुणाने मन लावून काम केले. गोलसर कोपऱ्यांचे, केशरी रंगाचे, खाली मंद सावली पडलेले बटण त्याने स्वतः रेखाटले आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिले : ‘जमा करा’. बटण दाबताच नाण्यांचा खळखळाट व्हावा, अशीही योजना केली. सर्वांनी कौतुक केले.

पुढे घरातल्याच एका मुलाची दृष्टी गेली. वाणिज्य शाखेचा पदवीधर, येणे-देणे तोंडपाठ असलेला हा मुलगा खचला नाही. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी स्क्रीन रीडर प्रणाली तो शिकून आला, कानाला हेडफोन लावून गल्ल्यावर बसला आणि त्याने टॅबची कळ दाबली. गिऱ्हाइकाचे नाव लिहिण्याची चौकट बोलली. रकमेची चौकट बोलली. त्यानंतर शांतता. त्याने पुन्हा पुन्हा कळ दाबली. फेरा पहिल्या चौकटीवर परत येई. ज्या एका बटणावाचून नोंद पुरी होत नाही, ते केशरी बटण त्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हते.

प्रसंग कल्पित आहे, अडचण मात्र खरी आहे. आणि ती मुलाच्या डोळ्यांत नसून बटणाच्या घडणीत आहे.

विंडोजमध्ये बटण, मजकुराची चौकट, यादी, टिकमार्कचा चौकोन असे घटक तयार मिळतात. त्यांना प्रोग्रामिंगच्या परिभाषेत ‘कंट्रोल’ म्हणतात. स्क्रीन रीडर त्यांच्यापाशी पोहोचला की मुख्यतः चार गोष्टी विचारतो : तुझे नाव काय? तू बटण आहेस की यादी? तुझ्यात आता काय भरलेले आहे? तू चालू आहेस की बंद? तयार कंट्रोलना या प्रश्नांची उत्तरे जन्मतःच ठाऊक असतात. परंतु प्रोग्रामर जेव्हा कोऱ्या पटावर रंग भरून स्वतःचे ‘कस्टम कंट्रोल’ घडवितो, तेव्हा डोळ्यांना बटण दिसते आणि विंडोजला केवळ रंगीत ठिपक्यांचा आयत. भिंतीवर रंगविलेले दार पाहणाऱ्याला दार वाटते, चाचपडणाऱ्याच्या हाताला भिंतच लागते. त्यातलाच हा प्रकार. माउसने टिचकी मारली की ते काम करते, म्हणून घडविणाऱ्याला काही उणे राहिल्याची शंकाही येत नाही.

ही गुंतागुंत पूर्वी नव्हती. डॉसच्या काळात पडदा म्हणजे ८० स्तंभ आणि २५ ओळींचा अक्षरांचा तक्ता होता. अक्षरे संगणकाच्या स्मृतीत अक्षरे म्हणूनच साठविलेली असत. ती उचलून वाचून दाखविणे तुलनेने सोपे होते. १९७८ मध्ये अपघातात दृष्टी गमावलेले अमेरिकेतील मोटारसायकल शर्यतपटू टेड हेंटर यांचा ‘जॉज’ हा प्रसिद्ध स्क्रीन रीडर १९८९ मध्ये आला, तो डॉससाठीच. विंडोजने अक्षरांऐवजी चित्रे रंगविण्यास आरंभ केला आणि अंध वापरकर्त्यांची वाट अडली. चित्रामागचा अर्थ स्क्रीन रीडरला कळावा म्हणून मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये एक ठरलेली पद्धत उपलब्ध करून दिली. पुढे तिची सुधारित आवृत्तीही आली. मात्र ही पद्धत विचारणाऱ्याची सोय करते. उत्तर देण्याची जबाबदारी कंट्रोल घडविणाऱ्याकडेच राहते.

डोळ्यांना दिसणारे कानांना कितपत कळू शकते, या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आयुष्यभर शोधले, त्यांच्या वाटचालीची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. टी. व्ही. रामन पुण्यात वाढले. जन्मापासून अधू असलेली त्यांची दृष्टी काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी पूर्ण गेली. भाऊ, आई-वडील आणि शिक्षक यांनी पुस्तके वाचून दाखवायची आणि रामन यांनी ती मनात साठवायची, असे त्यांचे शिक्षण झाले. पुणे विद्यापीठातून गणिताची पदवी घेऊन ते मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्र शिकण्यास गेले. तेथे अखेरच्या वर्षासाठी त्यांनी जो प्रकल्प केला, तो वक्ररेषा ऐकविणारा होता. आलेखाचा चढ-उतार कागदावर न पाहता ध्वनीतून समजून घ्यावयाचा! ज्या विद्यार्थ्याला गणिताचा आलेख दुसऱ्याच्या शब्दांतूनच भेटत आला होता, त्याने तो प्रथमच थेट, मध्यस्थाविना ऐकण्याची व्यवस्था केली.

पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी गणिती ग्रंथ वाचून दाखविणारी प्रणाली उभी केली. ‘ॲस्टर’ हे तिचे नाव. त्यांच्या वाटाड्या श्वानाचेही नाव तेच होते. घातांक आला की वाचणारा आवाज वरच्या स्वरात जाई आणि पुन्हा खाली उतरे. कागदावर जे वर लिहिले जाते ते कानालाही वरच ऐकू यावे, ही किती साधी कल्पना! १९९४ मध्ये पूर्ण झालेल्या या प्रबंधाला एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेचा उत्कृष्ट प्रबंधाचा पुरस्कार लाभला. लगेच १९९५ मध्ये त्यांनी ‘ईमॅकस्पीक’ ही बोलणारी प्रणाली सर्वांसाठी विनामूल्य खुली केली.

ईमॅकस्पीकमधील एक उदाहरण कस्टम कंट्रोल करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पडद्यावर महिन्याची दिनदर्शिका आहे. केवळ पडदा वाचणारी प्रणाली ओळीने आकडे म्हणत जाईल : एक, दोन, तीन, चार. त्यातून कोणता वार, कोणता महिना, काहीच उमगत नाही. डोळस माणूस ‘१४’ हा आकडा पाहताना वरचा वार आणि माथ्यावरचा महिना नकळत पाहून घेतो. रामन यांनी दिनदर्शिकेच्या चित्राकडे पाहिलेच नाही. दिनदर्शिका चालविणाऱ्या प्रोग्रामकडेच विचारणा केली. त्या प्रोग्रामला पूर्ण तारीख ठाऊकच असते. मग वार, महिना, वर्ष असे सगळे एका दमात ऐकू येते. पेढीच्या प्रणालीतही तारीख निवडण्याची अशी रंगीत चौकट हमखास असते आणि तीही बहुधा अबोलच असते.

आता त्या केशरी बटणाकडे वळावे. उपाय अवघड नाही, आणि खेदाची गोष्ट नेमकी हीच आहे. डॉटनेटच्या विंडोज फॉर्म्समध्ये काम करणाऱ्याने कोऱ्या ‘कंट्रोल’पासून आरंभ करण्याऐवजी ‘बटन’ या तयार वर्गाचा वारसा घ्यावा आणि केवळ रंगविण्याचा भाग बदलावा. केशरी रंग, सावली, गोल कोपरे सर्व राहते. शिवाय नाव, ओळख, टॅबने पोहोचणे, स्पेसबारने दाबले जाणे, हे वडिलोपार्जित धन आपोआप हाती येते. बटणावर शब्द नसून केवळ चित्र असेल, तर ‘ॲक्सेसिबलनेम’ या गुणधर्मात ‘जमा करा’ एवढे लिहावे. जेथे तयार वर्गाचा आधारच नाही, उदाहरणार्थ द्राक्षांच्या पेट्यांची प्रतवारी दाखविणारा रंगीत तक्ता, तेथे ‘ॲक्सेसिबलरोल’ ठरवावा लागतो, बाणांच्या कळांनी आत फिरता येईल अशी सोय करावी लागते आणि आतील मूल्य बदलले की तसे कळवावेही लागते. हे शेवटचे काम बहुतेक जण विसरतात. मग पडद्यावर बेरीज बदलते आणि कानात जुनीच रक्कम राहते. हिशेबाच्या कामात याचा अर्थ काय होतो, हे व्यापारी वाचकांना सांगावयास नको.

नाण्यांच्या खळखळाटाचीही कथा अशीच आहे. तो आवाज पुरा वाजेपर्यंत प्रोग्रामने थांबून राहावे, अशा रीतीने तो वाजविला असेल, तर तितका वेळ सारा पडदा गोठतो आणि गिऱ्हाईक ताटकळते. ‘प्लेसिंक’ ऐवजी ‘प्ले’ वापरले की आवाज आपल्या वाटेने वाजत राहतो, काम पुढे चालते. परंतु लागोपाठ दोन नोंदी झाल्या तर दुसरा आवाज पहिल्याला मध्येच तोडतो, कारण डॉटनेटचा साधा ‘साउंडप्लेअर’ एका वेळी एकच आवाज वाजवितो; तोही केवळ वेव्ह प्रकारच्या फाइलचा. म्हणून आवाज अगदी आखूड असावेत. आणखी एक चूक फार आढळते : आवाजाची फाइल प्रोग्रामरच्या संगणकावरील एखाद्या फोल्डरमध्ये राहते आणि पेढीच्या संगणकावर ती सापडतच नाही. ती प्रणालीच्या आत समाविष्ट करून टाकली की हा प्रश्न मिटतो.

याहून महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. ज्याचे सर्व काम कानांवर चालते, त्याच्या कानात रक्कम बोलली जात असतानाच नाणी खळखळली, तर रक्कम बुडते. डोळस माणसाला गंमत वाटणारा आवाज त्याच्या कामात अडथळा होतो. रामन यांनी ईमॅकस्पीकमध्ये आवाजाच्या छोट्या खुणा योजल्या, त्या शोभेसाठी नव्हेत; फाइल उघडली, बंद झाली, कोठे अडचण आली, हे शब्दांवाचून कळावे यासाठी. पेढीच्या प्रणालीतही नोंद झाल्याचा एक आणि नोंद न झाल्याचा दुसरा, असे सहज वेगळे ओळखू येणारे दोन सूक्ष्म स्वर पुरतात. आणि ज्याला ऐकू येत नाही अशा माणसासाठी तीच गोष्ट पडद्यावर शब्दांतही उमटली पाहिजे.

मराठीत याहीपुढे एक अडसर आहे, त्याची चर्चा इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. अनेक जुन्या प्रणालींत मराठी मजकूर युनिकोडमध्ये नसतो. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये संगणकाच्या दृष्टीने इंग्रजीच अक्षरे साठविलेली असतात. फाँट त्यांना केवळ देवनागरीचा वेष चढवितो. पडद्यावर ‘मराठी’ असे सुरेख दिसते, स्क्रीन रीडर मात्र ‘ई, जे, के, बी, एच’ असे काहीतरी बोलतो, कारण आत तेवढेच आहे. अशा वेळी बटणाला नाव दिले तरी ते नाव नसून वेषांतर असते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तेव्हा आज नव्याने होणाऱ्या कामात जुना फाँट स्वीकारण्यास काही कारण उरलेले नाही. गिऱ्हाइकांच्या नावांची जुनी यादी रूपांतरित करताना जोडाक्षरे आणि रफार यांची गडबड होते, म्हणून ती एकदा माणसाने डोळ्यांखालून घालावी.

स्क्रीन रीडर महाग असतो, हा समजही आता जुना झाला. मायकेल करन आणि जेम्स टेह हे ऑस्ट्रेलियातील दोन अंध मित्र लहानपणी संगीत शिबिरात भेटले होते. करन यांनी २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’ लिहावयास घेतले, टेह त्यांना येऊन मिळाले. ही प्रणाली आजही विनामूल्य मिळते. तिच्यासोबत येणारा ईस्पीक हा आवाज मराठी वाचतो. उच्चार यंत्राचेच आहेत, कानाला सवय व्हावी लागते. पण रोजमेळ त्यावर लिहिता येतो.

न्यायालयानेही या विषयाची दखल घेतली आहे. बँकेच्या ग्राहक-ओळख प्रक्रियेत कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करण्यास सांगितले जाते. ज्याला दिसत नाही त्याने ती केव्हा आणि कोठे पाहून करावी? दृष्टिहीन विधिज्ञ अमर जैन यांची, तसेच ॲसिड-हल्ल्यातून बचावलेल्या प्रज्ञा प्रसून आणि इतरांची याचिका निकाली काढताना सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. खासगी पेढीच्या हिशेब-प्रणालीचा प्रश्न त्या खटल्यात नव्हता. तेथे कायद्यापेक्षा मालकाने काय मागितले हेच निर्णायक ठरते.

म्हणून प्रणाली करवून घेणाऱ्याने कामाची रक्कम ठरविण्यापूर्वीच मागणी स्पष्ट शब्दांत लिहून द्यावी : प्रत्येक नोंद माउसशिवाय पूर्ण झाली पाहिजे, प्रत्येक बटण आपले नाव बोलले पाहिजे, सर्व मराठी मजकूर युनिकोडमध्ये असला पाहिजे आणि आवाज बंद करण्याची सोय असली पाहिजे. काम हाती आले की विंडोज १० किंवा ११ असलेल्या संगणकावर कंट्रोल, विंडोज आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबाव्यात. विंडोजमध्येच असलेला ‘नॅरेटर’ बोलू लागतो. मग पडदा बंद करावा, प्रोग्रामरला शेजारी बसवावे आणि एका गिऱ्हाइकाची पाचशे रुपयांची जमा त्यालाच करावयास सांगावे. ती झाली तर त्याचे उरलेले पैसे द्यावेत.