बुडालेल्या गावाला इतिहास नसतो का?

"आमच्या गावाला कसला इतिहास? ना किल्ला, ना राजा." भंडारा जिल्ह्यात कुठल्याही पारावर हे वाक्य ऐकायला मिळतं. मला त्याचा राग येतो. कारण हेच मानून आपण गावंच्या गावं गोसेखुर्दच्या पाण्यात सोडली.

पवनी तालुक्याचंच बघा. १९६९-७० मध्ये पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झालं आणि दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप सापडला. विटा मोजल्या, खापरांची नोंद केली, १९७२ मध्ये अहवाल छापला. चांगलंच झालं. त्याच तालुक्यात १९८८ मध्ये वैनगंगेवरच्या धरणाची पायाभरणी झाली आणि पुढे पाणी चढत गेलं तशी गावं उठली. त्यांची नोंद कशी झाली? इतकी घरं, इतकी झाडं, इतक्या विहिरी. मोबदल्यासाठी जे मोजता आलं, तेवढंच गाव सरकारी कागदावर उरलं.

इंग्रज काही आपल्या प्रेमापोटी आले नव्हते. तरी महसुलासाठी का होईना, मध्य प्रांतात गावोगावचा वाजिब-उल-अर्ज लिहिला गेला. तलावाचं पाणी कोणी घ्यायचं, वाट कुठून जाते, मासे कोणी धरायचे, असले गावचे रिवाज त्यात असत. आपल्या पुनर्वसनाच्या १८ नागरी सुविधांत पाणी, वीज, रस्ते, शाळा, स्मशानभूमी आहे. गावाची हकिगत लिहून ठेवणं मात्र नाही.

"धरणामुळे शेतं भिजतात, मग रडगाणं कशाला?" असं कोणी म्हणेल. भिजू देत. मी धरण फोडा म्हणत नाही. पण माझ्या सॉफ्टवेअरच्या नोकरीत साधा सर्व्हर बंद करायचा तरी आधी बॅकअप घेतात. अख्खं गाव बंद करताना कोणी घेतला?

१९६५ मध्ये वेल्समधल्या ट्रवेरिन खोऱ्यातलं कापेल केलिन हे खेडं लिव्हरपूलला पाणी देण्यासाठी बुडवलं गेलं. मोजकी घरं, शाळा, पोस्ट, प्रार्थनाघर. तिथेही राजा नव्हता. पण लोकांनी विसरायला नकार दिला. 'ट्रवेरिनची आठवण ठेवा' हे रस्त्याकाठच्या भिंतीवरचं वाक्य कोणी पुसलं की लोक पुन्हा रंगवतात. २००५ मध्ये लिव्हरपूलच्या नगर परिषदेने माफी मागितली, चाळीस वर्षांनी.

आपल्याकडे अजून वेळ आहे, पण फार नाही. बोडी कोणी खोदली, कोणत्या बांधीला काय नाव होतं, दंडार कुठे रंगायची, ढिवर कोणत्या डोहात जाळं टाकायचे, हे नव्या गावठाणातल्या म्हाताऱ्यांनाच ठाऊक आहे. किल्ल्यांच्या रील्स आपण रोज शेअर करतो. या दिवाळीत गावी जाल तेव्हा आजी-आबाजींसमोर फोनचा रेकॉर्डर सुरू करा. मग ग्रामसभेत ठराव मांडा, की ही हकिगत पंचायतीच्या दफ्तरात जमा व्हावी. आणि सरकारकडे मागणी एकच: यापुढे गाव उठवायचं असेल, तर आधी त्याचा इतिहास लिहा. १९वी सुविधा म्हणून.