‘पूर्ण नाव काय रे तुझं?’

मुलाचा नवा मित्र पहिल्यांदा घरी आला की आपल्यातल्या बहुतेकजणी हा प्रश्न विचारतात. नुसतं नाव सांगून आपलं भागत नाही, आडनाव हवं असतं. ते कशाला हवं असतं, हे विचारणारीला ठाऊक असतं आणि सांगणाऱ्यालाही.

माझा धाकटा कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये आहे. आमच्या नागपुरात या खेळाचं वेड जुनं. मार्चमधल्या एका दुपारी मॅच आटोपून टीममधली पाच पोरं आमच्याकडे आली. ऊन मी म्हणत होतं. दारातच मी सगळ्यांची चौकशी केली आणि पाण्याचा ट्रे घेऊन आले. माझ्या पोराचा धरून स्टीलचे पाच ग्लास, आणि एक कागदी. तो कागदी ग्लास कोणाच्या हातात गेला, हे सांगायला नको. ‘ग्लास कमी पडले’ असं मी मनाशी म्हटलं खरं, पण फडताळात डझनभर ग्लास होते. त्या मुलाने पाणी प्यायलं, ग्लास स्वतःच कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि ‘येतो काकू’ म्हणून गेला. तर्री-पोहे व्हायचे होते, त्यासाठी थांबला नाही.

मैत्रिणींनो, ही मी. वीस वर्षं वस्त्यांमधून बचत गटांचं काम करणारी, 14 एप्रिलला भाषण देणारी. 1956 साली बाबासाहेबांनी लाखो लोकांसह जिथे बौद्ध धम्म स्वीकारला, ती दीक्षाभूमी माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे.

रात्री मुलगा रागावला नाही. त्याने एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या गोऱ्या कॉलेजांच्या टीमनी, ज्या टीममध्ये काळे खेळाडू आहेत तिच्याशी खेळायचंच नाही, असा अलिखित नियम होता. 1963 साली तिथल्या एका विद्यापीठाच्या टीमला शिकागोच्या लोयोला विद्यापीठाशी सामना आला. लोयोलाच्या पहिल्या पाचांत चार काळे. कोर्टाची मनाई हातात पडायच्या आत ही गोरी टीम गुपचूप राज्याबाहेर पडली आणि जाऊन खेळली. हरली, पण खेळायच्या आधी दोन्ही कप्तानांनी हात मिळवले. ‘आई, त्यांना निदान कोर्टाची भीती होती,’ एवढंच तो म्हणाला.

मला आपले बाळू पालवणकर आठवले. चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्यात इंग्रजांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखायचा आणि साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकायचा. पुढे हिंदूंच्या संघाला त्याची गोलंदाजी हवी झाली. त्याने घेतलेले बळी चालत. चहाच्या सुट्टीत मात्र त्याचा चहा बाहेर, मातीच्या पेल्यात. जेवणाची थाळी वेगळी. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात याच बाळूंनी शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधार म्हणून त्यांना कधी निवडलं नाही. तो मान 1923 मध्ये त्यांचा भाऊ विठ्ठल याला मिळाला. मातीचा पेला आणि माझा कागदी ग्लास, दोन्ही एकदा वापरून टाकायचेच. मध्ये शंभर वर्षं गेली म्हणतात.

मैदानावरचं काम खेळाचे सर लोक करतात. आमच्या हिस्लॉप कॉलेजच्या विजय बारसे सरांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला. नागराज मंजुळेंनी 2022 मध्ये त्यावरून ‘झुंड’ काढला. कॉलेज आणि वस्ती यांच्यामधली ती भिंत पाहताना आम्ही सगळ्या हळहळलो. डोळे पुसत घरी आलो आणि भांडेवालीचा कप वेगळा ठेवला. कोणी म्हणेल, आता कुठे राहिलीय जातपात? माझं म्हणणं, आपल्या ओट्याखाली वाकून बघा. तिथे एखादा कानतुटका कप नक्की सापडेल. पोरं दिवसभर एका बॉलमागे धावतात, एका बाटलीला तोंड लावतात, आणि संध्याकाळी आपल्या उंबरठ्यावर आपण त्यांना पुन्हा निवडून वेगळं करतो, तांदळातले खडे निवडावे तसं. हे काम पुरुष करत नाहीत हो, स्वयंपाकघर आपल्या ताब्यात आहे.

मी आता आडनाव विचारत नाही. जीभ वळवळते, खोटं कशाला बोलू? कागदी ग्लास मोलकरणीच्या मुलीच्या वाढदिवसाला देऊन टाकणार होते, मग तेही बरं वाटेना. तिच्याकडे स्टीलचे पाठवले.

तो मुलगा पुन्हा आलेला नाही. ‘येईन म्हणून राहिला होता, परीक्षा आहे त्याची,’ असं माझा मुलगा सांगतो. परीक्षा तर सगळ्याच टीमची आहे. बाकीचे चौघे काल पोहे खाऊन गेले.