भटक्या आत्म्याची टेप

बंडखोरी मोडून काढायची तर बंदुकीच्या आधी तिथल्या माणसांच्या चालीरीती जाणून घ्या, असे लष्करी पुस्तके आता सांगतात. ऐकायला हे चांगले वाटते. पण जाणून घ्यायचे ते कशासाठी? वाचक बंधू-भगिनींनी व्हिएतनामकडे पाहावे.

घरापासून दूर मेलेला, ज्याला रीतसर माती मिळाली नाही असा माणूस भटकत राहतो, ही तिथल्या खेडुतांची जुनी श्रद्धा. अमेरिकी सैन्याला ती कळली आणि त्यांनी टेप तयार केली. तीत अंत्यविधीची वाद्ये, रडणे, बापाला हाका मारणारे लेकरू आणि 'मी फुकट मेलो, तुम्ही घरी जा' अशा अर्थाचे बोलणारा मृताचा आवाज होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हेलिकॉप्टरला कर्णे लावून रात्री ही टेप जंगलावर वाजवीत. पुष्कळ गनिमांना ही युक्ती कळे, मग ते आवाजाच्या रोखाने गोळ्या झाडत. भुताखेतांवर आमचा काडीचा विश्वास नाही. तरीही दुसऱ्याच्या शोकाचे असे हत्यार करणे आम्हाला ओंगळ वाटते.

गंमत अशी की, याच मृतांचा मान राखायची वेळ आधी १९६२ मध्ये येऊन गेली होती. बंडखोरांपासून तोडण्यासाठी शेतकऱ्यांना कुंपणाच्या नव्या वस्त्यांत नेले गेले. बेन कात भागात तर बहुतेक कुटुंबांना बंदुकीच्या धाकाने हलवले आणि मागे घरे जाळली. पूर्वजांची थडगी शेतातच राहिली. ती सोडून शेतकरी मनाने कसा येणार?

आणि दोष केवळ परक्यांचा नव्हे. राष्ट्राध्यक्ष दिएम तर त्याच मातीतले. मे १९६३ मध्ये ह्युए शहरात त्यांच्या आर्चबिशप भावाच्या समारंभाला व्हॅटिकनचे झेंडे फडकले. काही दिवसांनी, ८ मे रोजी, वैशाख पौर्णिमेला पंचशील ध्वज लावायला मात्र बंदी! निषेध करणाऱ्या जमावातले आठ-नऊ जण मारले गेले. ११ जूनला सायगावच्या चौकात भिक्खू थिच क्वांग डुक यांनी स्वतःला पेटवून घेतले. ऑगस्टमध्ये विहारांवर छापे पडले आणि नोव्हेंबरमध्ये दिएम यांची सत्ता व प्राण दोन्ही गेले. त्यांना वैशाख पौर्णिमा ठाऊक नव्हती, असे कोण म्हणेल?

पुढे २००७ पासून अमेरिकेने इराक-अफगाणिस्तानात सैन्याच्या तुकड्यांबरोबर मानववंशशास्त्रज्ञ पाठवले. 'ह्यूमन टेरेन सिस्टीम' नावाची ही योजना २०१४ मध्ये बंद झाली. त्या देशातल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००७ मध्येच तिला विरोध केला होता. आमचा दिवस खतावणीत जातो, त्यामुळे नोंद कोणाच्या खात्यात पडते ते आम्ही आधी पाहतो. त्यांचा सवालही तोच होता: शेजारी सैनिक बंदूक घेऊन उभा असताना माणसाने दिलेली माहिती राजीखुशीची कशी मानायची, आणि उद्या तिच्यावरून कोणाला मारायचे ते ठरले तर?