संक्रांत एक, चुली अनेक



मुंबईत नातलगांकडे गेलात, तर भोगीच्या आदल्या दिवशी मानखुर्दच्या बाजारातून एक चक्कर अवश्य मारा. १९९२ साली रेल्वे खाडी ओलांडून वाशीला गेली. तोवर गाडी मानखुर्दलाच थांबे. इथली वस्ती साऱ्या देशाची. आपल्या बायका सोलाणे, घेवडा, गाजर, वांगी, बोरे आणि भाकरीवर लावायला तीळ घेतात. शेजारची तमिळ गृहिणी पोंगलसाठी पानांसकट ओली हळद नि शेंड्यासकट ऊस शोधते. नवे तांदूळ, मूगडाळ आणि गूळ यांचा तो भात. त्याआधी दूध उतू गेले की शुभ मानतात. आपण मात्र दूध उतू गेले की सुनेला बोलतो! उत्तर प्रदेशी घरात उडदाच्या डाळीची खिचडी, बिहारी घरात दही-चुडा, म्हणजे आपले पोहेच. गुजराती घरी उंधियू.

नावे निराळी, पण ताटात असते ते शेतातून नुकतेच निघालेले. म्हणूनच यात आपल्या कामाची गोष्ट आहे. उंधियूचे जांभळे कोनफळ कोकणात चांगले येते. हळद आपण शिजवून, वाळवूनच विकतो. शहराजवळच्या शेतकऱ्याने चार वाफे पाल्यासकट काढून पाहावेत. मात्र ही मागणी दोन-तीन दिवसांचीच. व्यापाऱ्याशी आधी बोलल्याशिवाय टेम्पो भरू नका. सण सरला की ती हळद कोणी विचारत नाही.

आता तिळाविषयी, कारण मला खरी खंत त्याचीच आहे. पूर्वी बाजरीत, बांधाकडेला चार ओळी असायच्याच. आज शेतकऱ्याच्या घरीही तिळगूळ दुकानातून येतो. तिळात जवळजवळ निम्मे तेल. न सोललेल्या तिळात चुनाही भरपूर. थंडीत राबणाऱ्या शरीराला असे अन्न हवेच. घरापुरता तीळ करायला फार जमीन लागत नाही. पावसाळ्यात पेरलेला तीळ साधारण तीन महिन्यांत तयार होतो. पाणी साचणारी जागा टाळा. पाने पिवळी पडून खालची बोंडे पिवळसर झाली की लगेच कापणी करा; बोंडे उकलली तर दाणा रानातच सांडतो. पेंढ्या ताडपत्रीवर उभ्या करून वाळवा, मग उलट्या धरून झटका. पुढच्या पेरणीचे बी तेवढे त्याच दिवशी वेगळे काढून ठेवा.