बयाणा देण्यापूर्वी विद्युत्पेटी उघडा

साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौरप्रकल्प 2013 साली कार्यान्वित झाला, तेव्हापासून सूर्यप्रकाशाची वीज पिंपळनेरकरांना नवलाची राहिलेली नाही. आणि येथील गोदामांच्या, दुकानसंकुलांच्या वा मंगल कार्यालयांच्या मालकांनी आता आपापल्या छतांचा विचार करावा, हे सर्वथा इष्टच होय. परंतु एका किलोवॅटला सुमारे 100 चौरस फूट जागा हे सर्वश्रुत गणित मांडताना, ही नवी वीज ज्या विद्युत्पेटीत येऊन मिळणार तिची वहनक्षमता किती, हा प्रश्न बहुधा अखेरीस विचारला जातो. तो सर्वांत आधी विचारला जावा, असे माझे आग्रहाचे प्रतिपादन आहे.

तीन फेजच्या जोडणीवर पूर्ण क्षमतेने चालणारा 25 किलोवॅटचा इन्व्हर्टर सुमारे 35 अँपिअर प्रवाह देतो. ज्या पेटीतील बसबार (प्रवाह वाटून देणारी धातूची पट्टी) 100 अँपिअरचा आणि मुख्य ब्रेकरही तितक्याच क्षमतेचा, तिच्यात हा दुसरा प्रवाह मुख्य ब्रेकरलगत जोडला आणि कालांतराने दुकाने व यंत्रे वाढली, तर दोन्ही ब्रेकर आपापल्या मर्यादेत असतानाही बसबारच्या काही भागातून 135 अँपिअर वाहू शकतात. कोणताही ब्रेकर पडत नाही, आणि धातू मात्र तापत राहतो. सौरजोडणी बसबारच्या विरुद्ध टोकास घेणे, अथवा अधिक क्षमतेची पेटी बसविणे, हे यावरील उपाय होत.

पेटीपलीकडची मर्यादा रोहित्राची. राज्य वीज नियामक आयोगाच्या 2019 च्या विनियमांनी छतावरील प्रकल्पाची क्षमता ग्राहकाच्या मंजूर भाराशी वा करारमागणीशी निगडित केली आणि एका रोहित्रावरील अशा प्रकल्पांच्या एकत्रित क्षमतेस त्या रोहित्राच्या क्षमतेच्या 70 टक्क्यांची मर्यादा घातली. पुढे 2024 च्या केंद्रीय नियमांनी 10 किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीतून सूट दिली. मात्र ही सूट वीजजाळ्यापुरती आहे, इमारतीच्या अंतर्भागातील जुनाट केबल व अर्थिंग यांना तिने कोणतीही हमी दिलेली नाही.

म्हणून मालकांना माझी विनंती अशी की, बयाणा देण्यापूर्वी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून मंजूर भार, बसबार, ब्रेकर, केबल आणि अर्थिंग यांची लेखी खातरजमा करून घ्यावी, आणि पेटी बदलण्याच्या खर्चाची तजवीज मूळ अंदाजपत्रकातच करावी.